शुक्रीचं पोतं

वरोर, ५ ऑगस्ट २०१८

नीलू,

तू मला फोनवर ब्लॉक केलंयस हे मला परवा कळलं. मी आपली रोज बघत बसायचे, मेसेजला एकच खूण का येते म्हणून. शेवटी जीवन हसून म्हणाला, "अगो, बहिणीने दार लावलंय तुला." नवऱ्याच्या तोंडून ऐकायची वेळ आणलीस. म्हणून हा कागद. कागदाला दार लावता येत नाही. पोस्टमन सरावलीला तुझ्या गोडाऊनवर आणून टाकणारच.

परवा शुक्री आली होती. मोठी शेठाणी झालीस, विसरली असशील म्हणून सांगते. तळासरीकडच्या पाड्यावरची शुक्री, जी आईच्या वेळेपासून दर उन्हाळ्यात आपल्याकडून अख्ख्या पाड्याची आगोट, पावसाळ्याची बेगमी, नेते. पावसाळ्याचे चार महिने त्या घरांत भाताबरोबर जे काही असतं ते आपल्या पोत्यातलं असतं. लहानपणी तू तिच्या मांडीवर बसून मोहाची फुलं खायचीस आणि आई ओरडायची.

लावणी अर्धी टाकून आली ती. चिंब भिजलेली. चहा नको म्हणाली. ओच्यातून पुडकं काढलं आणि ओट्यावर सोडलं. बोंबील कसले, भुसा होता तो. आळ्या लागलेला, आणि वर ढेकणाच्या औषधासारखा वास. पाड्यावरच्या पोरांना उलट्या झाल्या, दोघींना कासा गावच्या दवाखान्यात न्यावं लागलं. आता लावणीच्या दिवसांत माणसं नुसतं मीठ लावून भात खातायत.

मी म्हटलं, "शुक्री, हा माल माझा नाही गो."

ती म्हणाली, "गाठ तुजीच होती, बाय."

एवढं बोलून गेली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाठ आपलीच होती हे मलाही दिसलं. आईची गाठ. काथ्याचे तीन वेढे आणि मधून लाल लुगड्याची चिंधी. ती गाठ बघून शुक्री बाजारात कधी पोत्याचं तोंड सोडत नाही. तिच्या सासूनेही कधी सोडलं नाही. ही गाठ आता जगात दोघीच बांधू शकतात, एक मी आणि एक तू.

मे महिन्यात जीवन तापाने फणफणला होता. मी डहाणूला दवाखान्यात त्याच्या उशाशी. तेव्हा तूच म्हणालीस, "ताई, तू भाऊजींजवळ थांब, शुक्रीचं पोतं मी भरते." मला किती बरं वाटलं होतं! मी माझे वाळवलेले, निवडलेले बोंबील तुझ्या हवाली केले. ते कुठे गेले, नीलू? मुंबईच्या पाकिटांत गेले ना? आणि शुक्रीच्या पोत्यात तू गोडाऊनमधला गाळ भरलास, वर आईची गाठ मारलीस. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं.

मला भांडायचं नाही. एकच मागते. माझ्याबरोबर तळासरीच्या बाजारात ये आणि शुक्रीसमोर उभी राहून सांग, पोतं मी भरलं होतं. मी सांगितलं तर ते पटणार नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बहिणीवर ढकलतेय म्हणतील.

तुझी ताई

*

वरोर, नारळी पौर्णिमा, २०१८

नीलू,

तुझं उत्तर मिळालं. टेम्पोवाल्या काळूने खोकं आणून ओट्यावर ठेवलं. मला वाटलं सणाचं काही पाठवलंस. उघडलं तर तुझीच पाकिटं आणि छापील चिठ्ठी: "शुक्रीमावशींसाठी रिप्लेसमेंट. झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व."

गैरसोय! तुला शुक्री म्हणजे ठाण्याच्या पंधराव्या मजल्यावरची बाई वाटली की काय? ती पाकिटं घेऊन मी पाड्यावर जाऊ? प्रत्येक पाकिटावर माझं थोबाड आहे. दात काढून हसतेय. "सुषमाताईंचे वरोरचे बोंबील." ज्यांची पोरं आजारी पडली त्यांच्या हातात माझं हसणारं तोंड देऊ?

त्या फोटोचा दिवस मला चांगला आठवतो. पंचायतीत नेटची वायर आली ते वर्ष. सगळं गाव पंचायतीच्या भिंतीला पाठ लावून बसायचं, आत मीटिंग आणि बाहेर सिनेमा. मग फुकट नेटचं सिम आलं आणि भिंत ओस पडली, जो तो आपापल्या ओट्यावर. तू बी.कॉम. करून घरी बसली होतीस. मी बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टांगत होते, जबड्यात जबडा अडकवून, आणि तू खालून म्हणालीस, "ताई, हास."

मी हसले. बहीण म्हणाली म्हणून हसले.

खोटं कशाला बोलू, मला तो फोटो आवडला होता. नेटही आवडलं होतं. आधी व्यापारी सांगेल तो भाव. नेट आल्यावर सकाळी होडी किनाऱ्याला लागायच्या आत सातपाटीचा, मुंबईचा भाव फोनवर. त्या व्यापाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पहिल्या वर्षी आपण दोघींनी मिळून जेवढा माल विकला, तेवढा आईने आयुष्यात टोपलीत घेतला नसेल. डोंबिवलीच्या कोणा बाईंनी लिहिलं होतं, "ताई, तुमच्या बोंबलाला माझ्या आजोळची चव आहे." मी ते तुला तीनदा वाचायला लावलं. नाही म्हणू नकोस.

म्हणूनच जास्त लागतं. दारात आलेल्या चोराला काठी मारता येते. तुला तर मी स्वतः पाट मांडला होता.

खोकं काळूबरोबर परत पाठवलंय. पाकिटं नकोत. तू ये.

ताई

*

वरोर, १७ नोव्हेंबर २०१८

निलम,

तू आली नाहीस म्हणून मीच आले होते, हे तुला गेटवरच्या माणसाने सांगितलं असेलच. "मॅडम मीटिंगमध्ये आहेत" म्हणाला. बसायला खुर्ची दिली हे खरं, तुझी माणसं सभ्य आहेत. वर भिंतीवर माझा दारापेक्षा मोठा फोटो. त्याच्याखाली मी बसलेली आणि त्याने मला विचारलं, "काकी, कोणाकडे काम आहे?" मी वर बोट दाखवलं. त्याने एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि बिचारा पाणी आणायला पळाला.

तेवढ्यात मी आत जाऊन आले. पोत्यांवर गुजरातीत लिहिलेलं होतं. कुठच्या कोल्ड स्टोरेजमधला माल, कधीचा, देव जाणे. कोपऱ्यात फवारणीचा पंप. चार पोरी तो माल माझ्या पाकिटांत भरत होत्या. "वरोरच्या वाऱ्यावर वाळवलेले." वरोरचा वारा सरावलीला पत्र्याखाली कुठून आला, निलम?

मग तू भेटलीस, एक कान फोनला लावून. मी म्हटलं, माझं नाव काढ पाकिटावरून. तू काय म्हणालीस ते शब्दाला शब्द लिहिते, म्हणजे पुढे नाही म्हणायला नको. "ताई, नाव आता रजिस्टर आहे. कंपनीच्या नावावर. तू ते काढायला सांगू शकत नाहीस. आणि मी एवढं उभं केलंय ते कोणासाठी?"

चोर तो चोर, वर शिरजोर. माझ्या बारशाला आत्याने कानात सांगितलेलं नाव, आणि ते वापरायचं तर आता तुला विचारायचं?

तू म्हणालीस, माल बाहेरून आणला नाही तर ऑर्डरी कशा भागवू, वरोरला आता बोंबील आहेत कुठे. ते मात्र खरं बोललीस. पण गेले कुठे ते मी सांगते. तुझ्या शहरातल्या लोकांना लहान, मऊ, एकसारखे बोंबील हवे होते. बारा महिने हवे होते. तूच बंदरावरच्या लोकांच्या ग्रुपवर टाकलंस, "बारीक माल असेल तर भाव जास्त." एकाने बारीक आसाचं, चिमटीएवढ्या भोकांचं जाळं आणलं, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. जीवननेही आणलं, तुझ्या शब्दावर. बोटाएवढं पिल्लूही सुटायचं नाही त्यातून. अंड्यावर आलेली मासळी, तिची पिल्लं, सगळं वलांडीवर. रात्री जाळ्यात आलं की सकाळी फोनवर विकलं जायचं, समुद्राला श्वास घ्यायला उसंतच नाही. आता जीवन डोलीचं जाळं लावतो आणि त्यात येतात जेलीफिश आणि तुझी पाकिटं. हो, तुझीच. परवा एक आलं. लोक बोंबील खातात आणि पाकीट कुठेतरी फेकतात, पावसाचं पाणी ते खाडीत आणतं. माझं हसरं तोंड जाळ्यातून ओढून काढलं आणि जीवनने ते गुपचूप खिशात घातलं, मला दिसू नये म्हणून. मला दिसलं.

तरी मागणं तेच आहे. कंपनी ठेव, नाव ठेव, काय ठेवायचं ते ठेव. शुक्रीसमोर ये.

सुषमा

*

वरोर, ११ मार्च २०१९

निलम,

उत्तर नाही. ठीक आहे. तरी लिहिते, कारण न लिहिलं तर रात्री जबडा दुखतो, इतके दात आवळून झोपते.

जीवनने बारीक जाळं काढून टाकलं, जुनं मोठ्या आसाचं लावलं. बंदरावर हसले त्याला. "जीवन समुद्राला उपास घडवतोय." हसतील त्यांचे दात दिसतील. आम्हाला रोज मिळतात ते टोपलीच्या तळाला पुरतील एवढेच बोंबील. त्यातले खायला ठेवत नाही, विकत नाही. निवडते, धुते, टांगते. ऊन कडक असलं की वलांडीखालीच बसते, कावळा फिरकू देत नाही. शेजारची ठकी म्हणते, "सुषे, तू बोंबील वाळवतेस की पोर वाढवतेस?"

यंदा मला एकच पोतं भरायचं आहे. दिवाळीपासून भरतेय, अजून गळ्याशी आलेलं नाही.

शुक्रीला मी निरोप पाठवला होता. तिने उलट निरोप धाडला, "आण. बघू." आजवर त्या बाईने "बघू" कधी म्हटलं नव्हतं. आमच्या दोघींत बघायचं काही नसायचंच.

महालक्ष्मीची जत्रा संपली की पुढचा पहिला बाजार. मी तळासरीला असेन, नेहमीच्या जागी, चिंचेखाली. तू ये. तुला वाटत असेल की मी तुझी नाचक्की करणार. नाही करणार. तू एक वाक्य बोल आणि जा. हे पोतं तिने घेतलं नाही तर मी पुन्हा त्या बाजारात टोपली लावणार नाही. कुठच्या तोंडाने लावू? माझं तोंड तर तुझ्या पाकिटावर आहे.

आई असती तर तुला कान धरून आणली असती. मला ते जमत नाही. मी विनवणी करते.

ताई

*

वरोर, ५ मे २०१९

माझी नीलू,

तू आलीस!

काल घरी आल्यापासून जीवनला हे दहा वेळा सांगून झालं. तो म्हणतो, झोप आता. पण तुला लिहिल्याशिवाय झोप कशी लागेल?

तू पोचलीस तेव्हा किती झालं होतं ते मला माहीत नाही, म्हणून सगळं लिहिते. शुक्री आली, सुना घेऊन. मी पोतं पुढे केलं. तिने गाठीवरून बोट फिरवलं, चिंधी बघितली. मला वाटलं, उचलेल. पण ती खाली बसली आणि गाठ सोडली. भर बाजारात. आजूबाजूच्या बायका भाव करायच्या थांबल्या. शुक्रीने अंगावरचा फडका पसरला आणि पोतं त्यावर पालथं केलं. एक एक बोंबील मोडून बघितला, नाकाला लावला, सुनेच्या नाकाला लावला. मी समोर उभी. आईच्या गाठीची ती सुटी चिंधी मातीत पडली होती आणि मला वाकून उचलताही येईना. रडायचं नाही असं घरून ठरवून निघाले होते, तरी रडले.

आणि तेव्हाच मी मान वर केली तर तू! भज्यांच्या गाडीशी, गॉगल डोक्यावर, हातात फोन. मला वाटलं, कोणाला तरी फोन करून सांगतेयस, थांबा, आत्ता माझ्या ताईजवळ जायचंय. मी मनात म्हटलं, ये गो बाय, ये पुढे, एकच वाक्य.

तू पुढे आली नाहीस. पण तुला बघूनच मला धीर आला, खरं सांगते. शुक्रीने सगळं पुन्हा पोत्यात भरलं, अगदी चुरासुद्धा वेचला. मग मला म्हणाली, "बांध, बाय. तुजी गाठ बांध."

मी बांधली. तिने बदल्यात नेहमीसारखा तांदूळ दिला, उडीद दिले आणि जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. वळून बघते तर तू गेली होतीस.

लाज वाटली असेल तुला. समजू शकते. लहानपणीसुद्धा काही फोडलंस की तू माफी मागायची नाहीस, नुसती येऊन बाजूला उभी राहायचीस. ते मला पुरायचं. आत्ताही पुरलं.

आता राग संपला. घरी ये जेवायला. बोंबील नाहीत, पण शुक्रीचे उडीद आहेत.

तुझी ताई

*

वरोर, २३ जून २०१९

सौ. निलम यांस,

ठकीच्या सुनेने काल फोन माझ्यापुढे धरला. "काकी, तुमी फेमस झालात."

बघितलं. शुक्री पोतं पालथं करतेय. शुक्री बोंबील हुंगतेय. मी रडतेय. खाली कसलंतरी सनईसारखं संगीत. अक्षरं येतात: "आमच्याकडे पोतं उघडून दाखवतात. सुषमाताई, विश्वासाचं दुसरं नाव." शेवटी शुक्रीचा हात माझ्या पाठीवर आणि त्याच्या खाली, ऑर्डर कुठे द्यायची ते.

हजारो लोकांनी बघितलंय म्हणे. कोणीतरी लिहिलंय, "किती गोड! डोळ्यांत पाणी आलं." दुसऱ्याने दोन किलो मागवलेत.

म्हणजे तू फोनवर कोणाशी बोलत नव्हतीस. मी तुला मनात हाका मारत होते आणि तू माझा चेहरा नीट येतोय का ते बघत होतीस. माझं पत्र वाचलंस, जागा वाचलीस, दिवस वाचलास आणि कामाला आलीस. मी तुला बहीण म्हणून बोलावलं आणि तुला त्यात जाहिरात दिसली. पहिल्यांदा फसवलंस तेव्हा मी दवाखान्यात होते, पाठ वळलेली होती. या वेळी तुझ्याकडे बघत उभी होते.

हेही मी गिळलं असतं. आज सकाळी काळूचा टेम्पो दारात थांबला. त्याने पोतं उतरवलं.

तळासरीलाही आता नेट आहे, निलम. पाड्यावरही आहे. शुक्रीच्या नातवाने तिला दाखवलं. ती ज्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर संशय घेऊन खाली बसली, तो दिवस सगळ्या जगाला दाखवून त्याच्यावर बोंबील विकलेले तिने बघितले. आणि वर नाव माझं. तिला काय कळणार रजिस्टर आणि कंपनी? तिच्या लेखी ते सगळं मीच ठरवून केलं, रडणंसुद्धा.

काळू मान खाली घालून बोलत होता. शुक्रीने निरोप दिला, "बायला विचार, माजं पोतं उघडलेलं दाखवायला तुला किती मिळालं."

मी विचारलं, तांदूळ परत मागितला का? नाही म्हणाला. तांदूळ राहू दे म्हणाली.

पोतं चाचपलं. गाठ मी बांधली होती तशीच आहे. तीन वेढे, मधून चिंधी. दीड महिना तिच्या घरात होतं, पाऊस लागला, पेरणी सुरू झाली, त्यांच्याकडे भाताबरोबर खायला काही नाही, तरी एकही बोंबील काढलेला नाही. खराब म्हणून परत केलं असतं तर मी दुसरं भरलं असतं. हे पोतं चांगलं आहे हे तिला माहीत आहे. ते तिने स्वतः मोडून, हुंगून बघितलंय. तरी परत केलं.

जीवन म्हणतो, आपण खाऊ. मला ती गाठ सोडवत नाही. पोतं कोपऱ्यात आहे.

मी तुझ्याकडे आता काही मागत नाही. तळासरीला येऊ नकोस, वरोरला येऊ नकोस. आईची गाठ बांधू नकोस, कशालाच. हे पत्र वाचून चुलीत घाल, आणि त्याआधी त्याचा फोटो काढू नकोस.

खाली नाव लिहीत नाही. ते तुझ्याकडे आहे.